मालनबाईची निवळी

मालनबाईच्या दह्याची वाटी दर एक दिवसाआड माझ्या ओट्यावर येते आणि ती मी गुपचूप बेसिनमध्ये ओतून देते. गेले चार महिने हेच चाललंय. एकसष्ट वर्षांची बाई मी, तेहेतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, हेडमास्तरांपासून इन्स्पेक्टरपर्यंत कुणाच्या बापाला घाबरले नाही, आणि एका दहीवालीला खरं सांगायची माझी छाती होत नाही. स्वतःचीच चीड येते. पण ओतते मी, दर वेळी ओतते, वर पाणी सोडते आणि वाटी घासून परत देते.

मालनचं घर मखमलाबादला आमच्या गल्लीच्या टोकाला. मागे अर्धा एकर राहिलाय, त्यात मेथी, शेपू, कोथिंबीर आणि बांधाला झेंडू. बाकीच्या जमिनीवर बिल्डिंगा चढल्या. गोठ्यात दोन म्हशी. नवरा कोंडाजी जाऊन दहा वर्षं झाली, मुलगा कुंदन तिच्याजवळ असतो आणि मुलगी दीपमाला विंचूरला दिली होती. वय विचाराल तर म्हणते, "बहात्तरच्या दुष्काळातली हाय मी, तुम्हीच करा हिशेब, तुम्ही बाई." शाळेत शिकवणारी म्हणून सगळी गल्ली मला बाई म्हणते. माझं उज्वला हे नाव फक्त लाइटबिलावर उरलंय.

तिच्या दह्याचं विरजण निफाडकडचं, माहेरचं. लग्नात आईनं पाच भांडी दिली, ती भावकीतल्या कुणाच्या तरी डोळ्यांत खुपली आणि त्यावरून मांडवात बोलाचाली झाली म्हणे. पण आईनं दिलेली खरी वस्तू कुणाला दिसलीच नाही. घट्ट दह्यात बुडवून सावलीत वाळवलेलं एक पांढरं फडकं, वीतभर, पदराच्या गाठीत बांधलेलं. सासरी आल्यावर तिसऱ्या दिवशी मालननं ते कोमट दुधात सोडलं. सकाळी दही लागलं होतं. तेव्हापासून विरजण एकदाही मोडलं नाही. बाळंतपणं झाली, सुतकं झाली, कोंडाजी गेला त्या दिवशीसुद्धा शेजारणीनं तिच्या घरी दूध विरजलं. गल्लीत कुणाचं दही बिघडलं की वाटी घेऊन मालनकडे. माझ्या घरचं दही तिचंच, समोरच्या बायडाबाईंचंही तिचंच. दिवे लागल्यावर मात्र ती विरजण द्यायची नाही. "सकाळी या, आता तेला झोपू द्या," म्हणायची. दह्याला ती 'तो' म्हणायची, लेकरासारखं.

सकाळी कुंदनच्या गाडीवर मातीची मडकी बांधून ती गंगापूर रोडला जायची. तिथल्या सोसायट्यांत तिची ठरलेली घरं. एकदा तिथून भडकून आली. कुठल्याशा मॅडमनं तिला फ्रिजमधली इवलीशी बाटली दाखवून सांगितलं होतं, "आम्ही आता हे घेतो, यात प्रोबायोटिक असतं." मालन म्हणाली, "बाई, ते काय असतं? आन् माझ्यात का नसतं?"

मी हसले. मग मला चेवच आला. तेहेतीस वर्षं मी फळ्यावर दोन रकाने आखत आले होते, उपयुक्त सूक्ष्मजीव आणि उपद्रवी सूक्ष्मजीव. उपयुक्तमध्ये पहिलं नाव दह्यातल्या लॅक्टोबॅसिलसचं. मी तिला ओट्यावर बसवलं आणि धडा दिला. अगं, हे चांगले जंतू. पोटात जातात, अन्न पचवतात, वाईट जंतूंना जागा देत नाहीत. त्या बाटलीत जे आहे तेच तुझ्या मडक्यात आहे. डोळे मोठे करून ऐकत होती. "म्हंजे जंतू चांगले बी असतात?" "असतात म्हणजे काय! तुझे तर एक नंबर." आठवड्यात कुंदननं पुठ्ठ्यावर पाटी रंगवली, 'माळ्याचे घरगुती प्रोबायोटिक दही', आणि मालन गिऱ्हाइकांना ठसक्यात सांगू लागली, "आमच्या बाईंनी तपासलंय." मी काय डोंबल तपासलं होतं! पण बरं वाटलं होतं हो मला. रिटायर झाल्यावर कुणी विचारत नाही, तिथे ही एक बाई माझं नाव गंगापूर रोडभर करत होती.

गेल्या दिवाळीनंतर दीपमाला माहेरी आली ती अंगावर निळे डाग घेऊन. एकतीस वर्षांची पोर, हिरड्यांतून रक्त यायचं. तपासण्या झाल्या आणि रक्ताचा कॅन्सर निघाला. हॉस्पिटल शहरात, म्हणून ती आईकडेच राहिली. तिची आठ वर्षांची निकिता इथल्या शाळेत घातली. नवरा भारत विंचूरच्या कांदा मार्केटात मापारी. दिवसभर वजनकाट्याजवळ उभं राहायचं, मग एसटी पकडून इकडे यायचं, बायकोजवळ तासभर बसून पुन्हा परत. आल्या आल्या नळावर कोपरापर्यंत हात धुवायचा. पण कांद्याची ती लाल धूळ त्याच्या नखांतून काही जायची नाही.

हॉस्पिटलातून एक छापील कागद मिळाला होता. औषधांनी पांढऱ्या पेशी कमी होतात, अंगात जंतूंशी लढायला कुणी उरत नाही, म्हणून काय खायचं नाही त्याची यादी. कच्ची कोशिंबीर नाही, साल न काढलेली फळं नाहीत, उघड्यावरचं पाणी नाही, घरी लावलेलं दही नाही, ताक नाही. मालननं तो कागद माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. दह्यापाशी आली की थांबवायची. "माझं बी नाय? चांगल्या जंतूंचं?" मी म्हटलं, "कागदात लिहिलंय ना, मग नाही." ऐकलं तिनं. खरंच ऐकलं. मडक्यावर झाकण ठेवलं, त्यावर पाटा ठेवला. लेकीच्या ताटात शिजवलेलं सोडून काही गेलं नाही.

औषधाच्या तिसऱ्या फेरीनंतर दीपमालाचं तोंड फुटलं. ओठांपासून घशापर्यंत फोड. पेज जाईना, गोळी जाईना, पाणीही टोचायचं. आईच्या घरात पडल्या पडल्या तिला दह्याचा वास यायचा आणि ती लहान पोरीसारखी रडायची, "आई, थोडं गार दे ना, तुझं दे ना." मालन गोठ्यात जाऊन रडून यायची.

त्या दिवशी सकाळी मी बँकेत निघाले होते. पेन्शनसाठी हयातीचा दाखला अडकला होता, डोकं आधीच तापलेलं. फाटकात मालन उभी. म्हणाली, "बाई, एक इचारू? दही नाय, ताक नाय, ते समजलं. पण निवळी चालंल का? नुसती वरची निवळी?"

निवळी म्हणजे दह्यावर सुटतं ते हिरवट पाणी. आमच्याकडे उन्हाळी लागली की पाजतात, लहान मुलांना जुलाब झाले की पाजतात. दही ते दही, निवळी ती निवळी, असं आमच्या सगळ्यांच्या डोक्यात पक्कं. कागदातही निवळी लिहिलेली नव्हती. आणि मी रिक्षाला हात करत म्हटलं, "निवळी म्हणजे पाणीच की गं. दे दोन चमचे."

बस, एवढंच. हे वाक्य मी बोलले. दुसऱ्या कुणी नाही.

विज्ञानाची शिक्षिका मी! त्या पाण्याच्या एका थेंबात किती जीव असतात ते मी मुलांना सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलेलं. प्रयोगाला दही पातळ करायचा कंटाळा यायचा म्हणून मी निवळीच वापरायचे. आणि ऐन वेळी माझ्या डोक्यात काय आलं, तर बँकेत रांग वाढेल. जळलं मेलं ते माझं विज्ञान.

चार दिवस निवळी दिली. वाटीभर, गाळून, उकळलेल्या चमच्यानं. मालनची स्वच्छता मी पाहिली आहे, हात तीनतीनदा धुवायची. दीपमालाच्या घशाखाली तेवढंच उतरायचं. पाचव्या दिवशी थंडी वाजून ताप भरला, सहाव्या दिवशी आयसीयू, नवव्या दिवशी ती गेली. चैत्राचे दिवस होते, झेंडू तोडायचा राहून गेला होता, तो झाडावरच वाळला.

गेल्यानंतर तिसऱ्या दिवशी कुंदन फाइल घेऊन माझ्याकडे आला. डॉक्टर म्हणाले होते, रक्तात जंतू पसरले. कुठले ते शेवटच्या रिपोर्टात आहे, तुम्ही बघा, म्हणाला. मी चष्मा लावला. इंग्रजी अक्षरं होती, पण मला ती वाचावीसुद्धा लागली नाहीत. तेहेतीस वर्षं मी ते नाव खडूनं लिहिलंय. उपयुक्त, रकाना पहिला, नाव पहिलं.

त्याच दुपारी मी एकटी हॉस्पिटलात गेले आणि डॉक्टरांना गाठलं. तरुण मुलगा होता, दमलेला. म्हणाला, "असं क्वचित होतं मॅडम. खाण्यातून गेले असतील, किंवा तिच्याच आतड्यातले असतील, तोंडातल्या जखमांतून रक्तात गेले असतील. नक्की कुणीच सांगू शकणार नाही. निरोगी माणसाला यानं काहीही होत नाही." आणि मग त्यानं विचारलं, "दही दिलं होतं का?" मी म्हटलं, "नाही." निवळी म्हणायला माझी जीभ उचललीच नाही.

परत आले तर मालन अंगणात बसलेली. समोर मडकं फुटून पडलेलं, दही मातीत. तिनंच फोडलं होतं. तीन दिवस पोटात अन्न नव्हतं. माझा पदर धरून म्हणाली, "बाई, खरं सांगा. तुम्हाला तुमच्या आईची आण. माझ्या निवळीनं गेली का माझी पोर?"

तुम्ही काय केलं असतं? मला सांगा ना, काय केलं असतं? ती बाई मेली असती. मला दिसत होतं, ती त्याच रात्री विहिरीत गेली असती. आणि खरं सांगायचं तर मी माझ्यासाठीही बोलले. तिनं विचारलं असतं, तुम्हीच तर दे म्हणालात, मग? मी म्हटलं, "नाही गं मालन. दह्याचा नाही. बाहेरचा जंतू होता. बाहेरून आला."

तिनं डोळे मिटले. मग तिला हुंदका फुटला, मोकळा. बायडाबाईंनी भात भरवला तो तिनं खाल्ला. मला वाटलं, सुटली. केवढी मूर्ख मी!

दहाव्याला पिंडावर घालायला दही हवं होतं. मालनच्या घरात दही नाही, असं पस्तीस वर्षांत झालं नव्हतं. बायडाबाईंनी आपल्या घरची वाटी आणली, म्हणजे मालनचीच. मालननं त्यातून चमचाभर काढून ठेवलं आणि तेराव्यानंतर दूध विरजलं. मडकं पुन्हा भरलं. मग ती विचार करू लागली. जंतू बाहेरून आला, तर आणला कुणी?

घरात बाहेरचं कोण यायचं? ती, कुंदन, निकिता आणि भारत. एक दिवस माझ्याच स्वयंपाकघरात मेथी निवडताना तिनं ते ठरवून टाकलं. "तो मार्केटातून तसाच यायचा. हजार लोकांचे हात लागलेल्या गोण्या. त्या हातानं तिचं तोंड पुसायचा. मी म्हनायची, लांब बसा, तर म्हनायचा, धुतलेत मामी." जावयाला ती कायम 'जावईबापू' म्हणायची. त्या दिवशी पहिल्यांदा 'तो' म्हणाली.

मी तिथेच तोंड उघडायला हवं होतं. मी मेथीची पानं खुडत राहिले.

मग भारत आला तेव्हा तिनं फाटक उघडलं नाही. निकिताला आत घेऊन कडी लावली. "तुझ्या हातानं माझी पोर गेली, आता नातीला हात लावू नको," असं भर गल्लीत ओरडली. तो पिशवीत आंबे घेऊन आला होता, फाटकाला अडकवून गेला. पुढच्या रविवारी पुन्हा आला. पुन्हा कडी. कुंदन मधे पडला तर मालननं त्याला शिव्या घातल्या. निकिता खिडकीतून बापाला हात करायची. मग हळूहळू तिनं हात करणं सोडून दिलं. आजी दिवसभर जे सांगते ते पोर किती दिवस ऐकणार नाही?

आणि वाट्या येत राहिल्या. "घ्या बाई, तुमच्यामुळं जगले मी." मी घ्यायचे आणि ओतायचे. दह्यात काही वाईट नाही हे मला ठाऊक आहे, गल्लीतली सगळी पोरं तेच खाऊन धडधाकट आहेत. पण माझ्या घशाखाली ते उतरत नाही.

मागच्या रविवारी भारत फाटकावरून परत फिरला तेव्हा मी त्याला घरात बोलावलं. वाळून काटकी झालाय. मी कपाटातून रिपोर्ट काढला, कुंदनला मी तो परत दिलाच नव्हता. टेबलावर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. निवळी, बँक, रिक्षा, खोटं, सगळं. म्हटलं, "तुझ्या हातानं काही झालं नाही, भारत. झालं असेल तर माझ्या तोंडानं झालं. चल, आत्ता मालनसमोर सांगते. मग ती मला मारो की झाडूनं हाकलो."

त्यानं रिपोर्टाला हात लावला नाही. खाली बघत म्हणाला, "मला ठाऊक आहे मॅडम. डॉक्टरांनी मला ती गेली त्याच दिवशी सांगितलं होतं."

"निवळीचंही?" मी विचारलं.

"दीपमाला मला निवळीचं बोलली होती. म्हणाली, आई देते, लय गार वाटतं, डॉक्टरला सांगू नका. मी नको म्हटलं नाही. चार दिवस तिला हसताना पाहिलं मी, कसं नको म्हणू?" मग नखं बघत बसला. "तुम्ही मामींना काही सांगू नका. त्यांच्या हातानं गेली हे कळलं तर त्या राहायच्या नाहीत, आणि निकिताला मग कोण? मी मार्केटात सकाळी सहाला जातो, पोरीला कुठे ठेवू? माझ्यावर आहे ते माझ्यावरच राहू द्या."

"अरे, पण पोरगी तुला बाप म्हणायचं सोडेल," मी ओरडलेच.

"सोडेलच," तो म्हणाला. "दिसतंय मला."

चहा न घेता गेला. मी दारात उभी राहून त्याला कोपऱ्यापर्यंत जाताना पाहिलं. मालनच्या खिडकीत निकिता होती. तिनं बापाला पाहिलं आणि खिडकीचं दार लावून घेतलं.

पाच मिनिटांत मालन वाटी घेऊन हजर. "काय म्हनत होता तो तुमच्याजवळ?"

आता सांग, आता सांग, असं माझ्या आत कुणीतरी बडवत होतं. टेबलावर रिपोर्ट पडलेला. तिला वाचता येत नाही. तिनं त्यावरच वाटी ठेवली.

"काही नाही," मी म्हटलं. "निकिताची फी विचारत होता."

"इचारू दे," मालन म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली. वाटी द्यायला आल्यावर ती पहिल्यांदाच बसली. "बाई, तुम्ही वाळल्या. माझं दही लागतंय ना अंगाला? खा बरं माझ्यासमोर. आज लय गोड लागलंय."

चमचा तिनंच आणला, साखरेचा डबाही तिनंच काढला. माझ्या तोंडाकडे बघत बसली, दीपमालाकडे बघत बसायची तशी. मी एक चमचा खाल्ला, मग दुसरा, मग वाटी संपवली. ओकारी आली नाही, काही झालं नाही. दही नेहमीसारखंच चांगलं होतं.